निमंत्रण आलंय, पण ते कुणाचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून):

नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या एका आईने लिहिलंय. मुलगा सोळा वर्षांचा, हायस्कूलच्या दहावीत. लहानपणापासून बेसबॉल खेळतो, उन्हाळ्यात ट्रॅव्हल टीमबरोबर (शाळेबाहेरचा, फी भरून खेळायचा संघ) गावोगाव फिरतो. अभ्यासातही चांगला. उजव्या हाताचा पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा), फास्टबॉल ताशी ७९-८० मैलांपर्यंत जातो. पिचिंग नसेल तेव्हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) खेळतो, आणि ‘त्यालाच ते जास्त आवडतं’. नुकताच त्याला एका ‘एलिट’ शोकेसचा, म्हणजे कोच आणि स्काउटांसमोर (खेळाडू हेरणाऱ्यांसमोर) खेळ दाखवायच्या कार्यक्रमाचा मेल आला: तुमची निवड झाली आहे, जानेवारीत फ्लोरिडात तीन दिवस, ऐंशीहून अधिक कॉलेज कोच आणि व्यावसायिक स्काउट हजर राहणार, शुल्क ७९५ डॉलर. विमान-हॉटेल धरून खर्च दोन हजारांच्या पुढे जातो. मुलगा हवेत आहे. त्याच्याच टीममधल्या, एका वर्षाने मोठ्या मित्राला मात्र ‘एरिया कोड गेम्स’ या नावाजलेल्या, निवडक मुलांच्या स्पर्धेच्या ट्रायआउटचं (निवड चाचणीचं) बोलावणं आलं, आणि ‘मला ते का नाही’ म्हणून तो अधूनमधून रुसतोही. वडील कोल्हापूरला विद्यापीठाकडून क्रिकेट खेळलेले. त्यांचं म्हणणं, हा पैसे उकळायचा धंदा आहे. पोरात दम असेल तर बोलावतील. आई विचारते: पाठवायचं का? खरी निमंत्रणं मिळतात तरी कशी? आपली ओळख नाही, आपण भारतीय, म्हणून तो मागे पडतोय का?

नमस्कार ताई,

आधी त्या मेलमधली तारीख बघू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे.

कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी एनसीएए दरवर्षी बेसबॉलचं एक रिक्रूटिंग कॅलेंडर काढते. कोणत्या दिवसांत कोचने बाहेर जाऊन खेळाडू बघायचे आणि कोणत्या दिवसांत नाही, हे त्यात ठरलेलं असतं. एनसीएएच्या तीन पातळ्यांतली सगळ्यात वरची ती डिव्हिजन वन, खालची डिव्हिजन थ्री. डिव्हिजन वनसाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा बहुतेक काळ बंदीचा असतो. त्या काळात हे कोच आपलं कॅम्पस सोडून कुणाचा खेळ बघायला जाऊ शकत नाहीत. मग जानेवारीत फ्लोरिडातल्या मैदानावर येणारे ऐंशी कोच कोण? डिव्हिजन थ्रीचे असू शकतात, ज्युनियर (दोन वर्षांच्या) कॉलेजांचे असू शकतात. ते येणं वाईट मुळीच नाही, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण तुमच्या मुलाच्या डोळ्यांसमोर डिव्हिजन वनची जी मोठी कॉलेजं असतील, त्यांचे कोच त्या गर्दीत नसतील. मेल खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्यात जे लिहिलेलं नाही, ते वाचायला हवं एवढंच.

आता ‘तुमची निवड झाली आहे’ या वाक्याकडे येऊ. ही निवड कुणी केली, कुठे बघून केली? मागच्या उन्हाळ्यात त्याची टीम एखाद्या मोठ्या स्पर्धेत खेळली असेल, तिथे नाव-पत्ता-ग्रॅज्युएशनचं वर्ष भरून घेतलं असेल. अशा याद्यांमधल्या शेकडो मुलांना तोच मेल जातो. ज्या लग्नपत्रिकेवर ताटाचा दर छापलेला असतो, ती हातात पडल्यावर आपण यजमानांच्या फार जवळचे आहोत असं कुणी समजत नाही. इथे मात्र भलेभले पालक समजतात. मुलाचं नाव आणि त्याच्यापुढे ‘एलिट’ हा शब्द एका ओळीत आला की आपलं सगळं हिशेबी डोकं बाजूला पडतं.

कॉलेजांकडून येणाऱ्या कॅम्पच्या मेलचंही तसंच आहे, तेही आत्ताच सांगून ठेवते, कारण ते येतीलच. डिव्हिजन वनच्या कोचला तुमच्या मुलाशी भरतीबद्दल बोलायला परवानगी मिळते ती अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. त्याआधी तो कॅम्पची माहिती पाठवू शकतो, प्रश्नावली पाठवू शकतो. म्हणून दहावीतल्या मुलाला एखाद्या मोठ्या विद्यापीठाचा लोगो असलेला मेल आला, तर त्याचा अर्थ ‘आमच्या कॅम्पमध्ये जागा आहे’ इतकाच धरावा.

मग खरी निमंत्रणं कोणती? जिथे बोलावणारा माणूस तुमच्या मुलाला नावाने आणि खेळाने ओळखतो, ती. एरिया कोड गेम्स १९८७ पासून चालू आहेत. तिथले संघ मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या) क्लबांचे स्काउट बांधतात आणि ट्रायआउटलाही तेच बोलावतात. पूर्व किनाऱ्यावरच्या मुलांसाठी ईस्ट कोस्ट प्रो आहे, तिथेही स्काउटांचाच शब्द चालतो. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून २०१९ मध्ये पीडीपी लीग सुरू केली, ती देशभरातल्या निवडक मुलांसाठी. या ठिकाणी ‘अर्ज कसा करायचा’ हा प्रश्नच नसतो. प्रत्येक क्लबचे एरिया स्काउट असतात, एकेकाकडे एक-दोन राज्यं. तो वर्षभर गाडीतून फिरत शाळांचे सामने बघतो, हायस्कूल आणि ट्रॅव्हल टीमच्या कोचना फोन करतो, आणि त्यातून त्याची यादी तयार होते. त्या यादीत नाव असलेल्यांना बोलावणं जातं. हे सगळं प्रामुख्याने अकरावी संपवून बारावीत जाणाऱ्या मुलांसाठी असतं.

म्हणजे तुमच्या मुलाचा मित्र एका वर्षाने मोठा आहे, ही बाब तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत, पण तिथेच मेख आहे. सोळाव्या आणि सतराव्या वर्षातल्या एका हिवाळ्यात मुलं वाढतात, खांदे भरतात, फास्टबॉलमध्ये पाच-सहा मैलांची भर पडू शकते. त्या मित्राला मिळालेलं बोलावणं तुमच्या मुलाला ‘नाकारलं’ गेलेलं नाही. त्याची वेळच अजून आलेली नाही. येईल की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. आणि स्पष्ट सांगायचं तर ८० मैलांवर एरिया कोडचा पिचर होत नाही, तिथे उजव्या हाताची मुलं नव्वदीच्या घरात टाकतात. डिव्हिजन वनचे कोचही उजव्या हाताच्या पिचरकडे साधारण ८७-८८ च्या पुढेच वळून बघतात. दहाव्या इयत्तेतला ८० हा आकडा वाईट नाही. तो फक्त अजून दाखवायचा आकडा नाही.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ‘दम असेल तर बोलावतील’ हे वाक्य ज्या मातीतलं आहे तिथे ते खरं होतं. आपल्याकडे जिल्हा संघटना असते, विद्यापीठ असतं, वर राज्य संघटना असते. निवड चाचणीची तारीख जाहीर होते, पोरं किट घेऊन मैदानावर जातात, नेटमध्ये पाच-सात मिनिटं मिळतात, आणि निवड समिती बसलेली असते. वशिला, राजकारण सगळं असेल, पण जिना एकच असतो आणि तो कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. अमेरिकेत हायस्कूलच्या बेसबॉलला असा एक जिना नाही. शाळा आहे, ट्रॅव्हल टीम आहे, खाजगी शोकेस कंपन्या आहेत, कॉलेजांचे कॅम्प आहेत, आणि कुणी कुणाला बांधील नाही. इथे दम असलेला मुलगाही, त्याला कुणी बघितलंच नाही तर, घरीच राहतो. म्हणून ते अर्धे बरोबर आहेत: हा धंदा आहेच. पण धंदा आहे म्हणून निरुपयोगी आहे, हे त्यातून निघत नाही.

कारण मधली एक पायरी खरोखर कामाची आहे. परफेक्ट गेम ही आयोवात सुरू झालेली कंपनी आणि राज्यवार काम करणारी प्रेप बेसबॉल, ही त्यातली मोठी नावं. यांच्या काही शोकेसमध्ये कुणीही पैसे भरून नाव नोंदवू शकतो. तिथे साठ यार्डांची धाव मोजतात, बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग मोजतात, पिचरवर रडार गन लावतात, कॅचरचा पॉप टाइम (चेंडू झेलून दुसऱ्या बेसवर पोचवायला लागणारा वेळ) घेतात, व्हिडिओ काढतात, आणि हे सगळं मुलाच्या नावाच्या प्रोफाइलवर चढवतात. तिथले आकडे चांगले आले तर त्याच संस्था पुढच्या, निवडक कार्यक्रमांना बोलावतात. प्रेप बेसबॉलच्या फ्यूचर गेम्समध्ये राज्याराज्यांचे संघ असेच बनतात. त्या निवडक कार्यक्रमांनाही काही वेळा शुल्क असतं, म्हणजे ‘पैसे मागितले म्हणून खोटं’ हा नियमही सरसकट लावता येत नाही. तर ‘निमंत्रण मिळवायचं कसं’ या तुमच्या प्रश्नाचं रूक्ष उत्तर असं, की बहुतेक मुलं आपल्याच राज्यातल्या खुल्या शोकेसपासून सुरुवात करतात, आणि पुढचं बोलावणं एकतर तिथल्या आकड्यांमुळे येतं किंवा कोचने कुणाला तरी केलेल्या फोनमुळे. त्यासाठी जानेवारीत फ्लोरिडाला जायची गरज नाही.

एक धोका मात्र पालकांच्या लक्षात उशिरा येतो. ते प्रोफाइल सार्वजनिक असतं. परफेक्ट गेम तर मुलाला एक ते दहाच्या पट्टीवर गुणही देतं. तयारी नसताना गेलेल्या मुलाचा आकडा तिथे त्याच्या नावापुढे राहतो, आणि कॉलेजचा कोच नाव शोधतो तेव्हा आधी तोच बघतो. त्यामुळे आधी घरगुती मोजणी करा. जवळच्या कुठल्याही इनडोअर पिचिंग सेंटरमध्ये रडार मिळतं. साठ यार्ड मोजायला मैदान, टेप आणि मोबाइल पुरतो. तिथे आकडे सलग काही आठवडे स्थिर दिसायला लागले की मग पैसे भरून जगाला दाखवा.

जानेवारीला माझा दुसरा आक्षेप आहे तो खांदा-कोपराचा. पैशांपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉलची ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, ७५ च्या वर गेला तर चार दिवस विश्रांती, आणि वर्षातले किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद, त्यातही सलग दोन-तीन महिने हात डोक्यावर नेऊन फेकणंच बंद. तुमच्याकडे शाळेचा हंगाम फेब्रुवारी ते मे, ट्रॅव्हल जून-जुलै, पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरला फॉल बॉल (शरद ऋतूतले सामने). मग ते चार महिने कोणते? नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारी सोडले तर उरतंच काय? आणि शोकेसमध्ये मुलगा सामन्यासारखं टाकत नाही. रडार गनसमोर पंधरा-वीस चेंडू अंगातली सगळी ताकद लावून टाकतो, विश्रांतीतून नुकत्याच उठलेल्या हाताने. आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्या किशोरांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता कित्येक पटींनी वाढते, हे अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ मध्येच दाखवलंय, आणि थकलेल्या हाताने टाकणाऱ्यांची अवस्था त्याहून वाईट होती. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने पिचरांच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला, त्यातही वेगाच्या मागे लागणं आणि दर चेंडूला पूर्ण जोर लावणं याच गोष्टींवर बोट ठेवलंय. कोपराच्या लिगामेंटची ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९७४ मध्ये एका मुरलेल्या व्यावसायिक पिचरवर झाली होती. आज ती हायस्कूलच्या मुलांवर होते.

भारतीय असल्यामुळे मागे पडतोय का? रडार गनला आडनाव दिसत नाही, हे खरं. फ्लोरिडातला अर्जुन निम्माला, आईवडील भारतातून आलेले, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) टोरंटो ब्लू जेजने पहिल्याच फेरीत विसाव्या क्रमांकावर घेतला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. कुमार रॉकरचं आजोळ भारतीय. २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो मेजर लीगमध्ये उतरलाही. (कुमारचे वडील मात्र अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू होते, तेव्हा खेळाच्या जगात कसं वावरायचं हे त्या घरात आधीच ठाऊक होतं.) ही दोन नावं तुमच्या मुलासाठी मोजपट्टी म्हणून मी देत नाही. सगळ्या ड्राफ्टमध्ये आता वीसच फेऱ्या असतात, सहाशेच्या आसपास मुलं, त्यात कॉलेजची मुलंच जास्त. तुमची अडचण वेगळी आहे. ज्या घरात बाप किंवा काका कॉलेजला बेसबॉल खेळलाय, तिथे ‘कुणाला फोन करायचा’ हे कुणी शिकवावं लागत नाही. तुम्हाला ते माहीत नाही, आणि विचारायला संकोच वाटतो. मराठी मंडळात डॉक्टर, वकील, प्रवेश सल्लागार सगळे सापडतील, पण पिचरचा बाप सापडणं कठीण.

म्हणून संकोच सोडून शाळेच्या आणि ट्रॅव्हल टीमच्या कोचला वेगवेगळं भेटा. ‘आमचा मुलगा चांगला आहे का’ असं विचारू नका, त्याला कुणीही ‘हो’च म्हणेल. विचारा, की पुढच्या दोन वर्षांत तुम्ही त्याला कोणत्या पातळीवर बघता, आणि त्या पातळीच्या कोचला त्याच्यासाठी फोन करायला तुम्ही कधी तयार व्हाल, त्यासाठी त्याच्यात काय दिसायला हवं? दोघांच्या उत्तरांत तफावत आली तर शाळेच्या कोचवर जरा जास्त भरवसा ठेवा. ट्रॅव्हल टीमला तुमची पुढच्या वर्षीची फी हवी असते.

पातळीचा विषय निघालाच आहे तर घरात बसून एकदा हेही बोला, की हे सगळं कशासाठी चाललंय. हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतली साधारण सात-आठ एनसीएएच्या कुठल्या तरी संघात जातात, डिव्हिजन वनमध्ये दोन-तीन. शिष्यवृत्ती मिळेल आणि खर्च वसूल होईल, असं मनात असेल तर ते आताच काढून टाका. बेसबॉलमध्ये पूर्ण शिष्यवृत्ती विरळा असते, डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये तर खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. शिवाय २०२५-२६ पासून डिव्हिजन वनच्या बहुतेक मोठ्या कॉलेजांच्या संघाला ३४ खेळाडूंची मर्यादा आलीय, आणि कोचना दुसऱ्या कॉलेजातून आलेला एकवीस वर्षांचा तयार खेळाडू सतरा वर्षांच्या पोरापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

पण मुलाचे मार्क चांगले आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग डिव्हिजन थ्रीकडे नाक मुरडू नका. अभ्यासात कडक असलेली कितीतरी कॉलेजं तिथे आहेत, त्यांच्या कोचना ८३-८४ मैल टाकणारा आणि प्रवेश समितीला आवडेल असा मुलगा हवाच असतो. अशा कॉलेजांचे कोच स्वतः मैदानात उतरून शिकवतात असे हेडफर्स्टसारखे कॅम्पही असतात. तिथेही पैसे भरावेच लागतात, पण समोर बसलेला माणूस तुमच्या मुलाला खरोखर घेऊ शकणारा असतो. माझं मत विचाराल तर दोन हजार डॉलर खर्चायचेच असतील, तर ते अकरावीच्या आधीच्या उन्हाळ्यात अशा ठिकाणी खर्चा.

त्या आधीची आखणी अशी असू द्या. हा हिवाळा पिचिंग बंद, व्यायामशाळा चालू, जेवण आणि झोप वेळच्या वेळी. वसंतात शाळेचा हंगाम. जूनमध्ये राज्यातल्या राज्यात, गाडीने जाऊन येता येईल असा एखादा खुला शोकेस, तोही घरचे आकडे बरे आले तरच. तुम्ही नॉर्थ कॅरोलायनात आहात हे एक सुख आहे: यूएसए बेसबॉलचं प्रशिक्षण केंद्र कॅरीमध्येच आहे, तिथे मोठ्या स्पर्धा होतात, एकदा मुलाला नुसतं बघायला घेऊन जा. आपल्या वयाची सर्वोत्तम मुलं कशी खेळतात हे त्याला कुंपणाबाहेरून दिसेल. व्हिडिओ दोन मिनिटांचा पुरे, समोरून आणि बाजूने काढलेला, संगीत नको. कोचना मेल मुलानेच लिहावा, त्यात ग्रॅज्युएशनचं वर्ष, मार्क, आकडे, पुढच्या सामन्यांच्या तारखा. पालकांनी लिहिलेला मेल कोच लगेच ओळखतात.

आणि पुढे कोणताही मेल आला, तर आयोजकांना आधी लेखी विचारा: कोणत्या कॉलेजांनी येण्याचं नक्की केलंय, त्याच्या ग्रॅज्युएशनच्या वर्षाची किती मुलं असतील, पिचर किती, प्रत्येकाला किती चेंडू टाकायला मिळतील, आकडे कुठे प्रसिद्ध होतील, न आल्यास पैसे परत मिळतील का. दोन दिवसांत नीट उत्तर आलं तर विचार करा. ‘जागा झपाट्याने भरत आहेत’ असं उत्तर आलं तर सोडून द्या.

जानेवारीच्या कार्यक्रमाला नकार द्यायचा तर मुलाला तो तुम्ही सांगू नका, त्यालाच ते कॅलेंडर उघडून दाखवा. सोळा वर्षांच्या पोराला ‘आई नाही म्हणते’ यापेक्षा ‘ज्यांनी मला बघावं असं मला वाटतं ते तिथे नाहीत’ हे लवकर पटतं.

अजून एक. त्याला शॉर्टस्टॉप जास्त आवडतं, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. पत्रातली बाकी सगळी चर्चा पिचिंगची आहे, कारण मैलांचा आकडा तिथे आहे. पण कुठल्याही शोकेसच्या फॉर्मवर पहिली जागा पोझिशनची असते, आणि इनफिल्डर (शॉर्टस्टॉपसारखा बेसजवळचा क्षेत्ररक्षक) म्हणून जाणाऱ्या मुलाची तयारी पूर्ण वेगळी: पायांचा वेग, जमिनीवरून येणारे चेंडू अडवणं, बॅटिंग. हा हिवाळा पिचिंग बंद असणारच आहे. त्याला काय व्हायचंय ते आधी त्याच्याकडून ऐका, मग या तीन महिन्यांत ट्रेनर कोणता लावायचा ते ठरवता येईल.